आयकॉन डिलीट केला म्हणजे सॉफ्टवेअर गेलं असं नसतं!

डेस्कटॉपवरचा आयकॉन रिसायकल बिनमध्ये टाकला की सॉफ्टवेअर गेलं, हे कितीतरी वर्षं ऐकतोय आणि अजूनही लोक तेच करतात. अहो, तो नुसता शॉर्टकट असतो, त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा, जेमतेम एक-दोन केबीची फाइल, मूळ प्रोग्राम तिकडे सी ड्राइव्हच्या प्रोग्राम फाइल्समध्ये जसाच्या तसा असतो आणि काही तर लॅपटॉप सुरू झाला की मागे आपोआप चालूही होतात.

जुनं सॉफ्टवेअर जास्त धोक्याचं, कारण अपडेट बंद झाले की सुरक्षेत सापडलेली भोकं कोणी बुजवत नाही. ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि गेम चालवणाऱ्या ॲडोबीच्या फ्लॅश प्लेयरचंच बघा, 31 डिसेंबर 2020 ला सपोर्ट संपला आणि कंपनीनेच सांगितलं की काढून टाका.

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स, तिथून अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट करा, कारण वापरात असलेल्या फाइल्स कधीकधी त्यानंतरच जातात. मग ॲपडेटा नावाच्या, प्रोग्राम आपल्या सेटिंग्ज ठेवतात त्या लपवलेल्या फोल्डरमध्ये त्याच नावाचं काही उरलंय का बघा, पण नाव ओळखीचं नसेल तर हात लावू नका.

आणि रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतल्या (रजिस्ट्रीतल्या) जुन्या नोंदी साफ करणारे प्रोग्राम? प्लीज नको, उरलेल्या चार नोंदींनी लॅपटॉप स्लो होत नाही, चुकीची नोंद उडाली तर मात्र विंडोजच बिघडू शकतं.