मिनेसोटातल्या कॉन्झर्वेशन ऑफिसरची वसंतातली ड्युटी

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात शिकार, मासेमारी, बोटिंग, एटीव्ही (कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या चारचाकी मोटरगाड्या) आणि लोकांनी पेटवलेला पालापाचोळा या सगळ्यावर लक्ष ठेवणारा जो वर्दीतला माणूस असतो तो कॉन्झर्वेशन ऑफिसर, थोडक्यात सीओ. जुनी मंडळी अजून गेम वॉर्डनच म्हणतात, 1887 मध्ये पहिल्या नेमणुका झाल्या त्या याच नावानं. नोकरी राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्यात, म्हणजे डीएनआरमध्ये, पण आपल्याकडच्या वनरक्षकासारखा समजू नका, याच्याकडे पोलिसांचे अधिकार असतात, कमरेला पिस्तूल असतं, अटकही करता येते. ट्रेनिंग लिटल फॉल्सजवळच्या कॅम्प रिप्ली या लष्करी तळावर होतं.

इथला वसंत म्हणजे आंब्याला मोहोर वगैरे काही नाही. मार्चच्या सुरुवातीला उत्तरेकडच्या तळ्यांवर पिकअप ट्रक चालेल इतका बर्फ असतो आणि मे महिन्यात त्याच पाण्यात बोटी उतरतात, मधले दोन-अडीच महिने सगळं अर्धवट, ना बर्फ ना पाणी. सीओचं या दिवसांतलं बरंचसं काम एकाच गोष्टीभोवती फिरतं, ती म्हणजे तारीख. लोकांना कधी उशीर होतो, कधी घाई.

उशीर होतो तो फिश हाउसवाल्यांना. फिश हाउस म्हणजे बर्फावर ठेवलेली खोली, आत हीटर, बंक आणि जमिनीत भोक, त्यातून गळ सोडायचा. राज्याच्या दक्षिणेकडच्या दोन तृतीयांश भागात मार्चच्या पहिल्या सोमवारपर्यंत आणि उत्तरेत तिसऱ्या सोमवारपर्यंत या खोल्या उचलाव्या लागतात. राहिली तर खटला, खोली जप्त होऊ शकते, आणि बर्फ वितळल्यावर ती तळ्यात गेली की काढणार कोण. खोलीपेक्षा जास्त वैताग तिच्याखाली टेकू म्हणून लावलेल्या लाकडी ठोकळ्यांचा असतो, ते बर्फात गोठून बसतात, मालक खोली ओढून नेतो आणि ठोकळे तिथेच, मग मे महिन्यात तेच तरंगत येऊन कुणाच्या तरी मोटरबोटीच्या पंख्यात. सीओ रिकाम्या जागांवरून फिरत हे ठोकळे आणि कचऱ्याच्या पिशव्या शोधतो.

आता गंमत बघा. याच फिश हाउसमध्ये माणूस बसलेला असताना सीओला परवानगी किंवा वॉरंट नसताना दार ढकलून आत जाता येत नाही, 2002 मध्ये मिनेसोटाच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ती तात्पुरती का होईना, राहायची जागा आहे. पुढच्याच वर्षी, 2003 मध्ये, बोटीतले मासे दाखवायला नकार देणाऱ्या एका माणसाच्या केसमध्ये मात्र त्याच कोर्टानं उलटा कौल दिला, उघड्या बोटीतून मासेमारी करून आलात तर मासे दाखवायला लागतील. थोडक्यात बर्फ वितळला की सीओचे हात लांब होतात!

घाईचं प्रकरण वॉलायचं. वॉलाय हा मिनेसोटाचा लाडका मासा, राज्यमासाच तो. बर्फ फुटला की अंडी घालायला नद्यांमधून वर चढतो, कोकणात पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात ना, अगदी तसाच. छोट्या बांधाखाली मासे दाटीवाटीनं जमतात आणि बघणाऱ्याच्या हाताला खाज सुटते. सीझन फेब्रुवारीच्या शेवटी बंद झालेला असतो तो थेट मे महिन्याच्या मध्यापर्यंत, म्हणून या रात्री सीओ दिवे बंद करून पुलाजवळ गाडी लावून बसतो. मिल लॅक्स या सुमारे 1 लाख 32 हजार एकरांच्या तळ्यावर वेगळा पेच आहे, तिथे ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांना 1837 च्या करारानं मासेमारीचे हक्क आहेत, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं 1999 मध्ये ते 5 विरुद्ध 4 मतांनी कायम ठेवले. त्यामुळे बर्फ फुटल्यावर ते लोक जाळी लावतात ती त्यांच्या स्वतःच्या नियमांनी, वॉर्डनही त्यांचे वेगळे असतात. याला बेकायदा म्हणणारे लोक अजून भेटतात, ते चुकतात.

एप्रिलमध्ये बाकी बरंच चालू असतं. मध्यावर टर्की शिकार उघडते, दाणे टाकून पक्षी बोलवायला बंदी, म्हणून सीओ आदल्या दिवसांत मक्याचे ढीग हुडकतो. शेतीपट्ट्यात 1 एप्रिल ते 1 ऑगस्ट रस्त्याकडेच्या चरांमधून एटीव्ही न्यायची नाही, तिथल्या गवतात पक्ष्यांची घरटी असतात. शिवाय आगी, बर्फ गेलेला, हिरवळ आलेली नाही, गवत कागदासारखं, आणि राज्यातल्या 90 टक्क्यांहून जास्त वणव्यांमागे माणूसच असतो. जमिनीवर तीन इंच बर्फ नसेल तर पाचोळा जाळायला परमिट लागतं, आणि परमिट न काढणारे बहुतेक जण "एवढासाच तर ढीग होता" म्हणतात.

मग ओपनर, म्हणजे वॉलाय सीझनचा पहिला शनिवार, मध्यरात्री बारा वाजता सुरू होतो. बऱ्याच वर्षी त्याच वीकेंडला मदर्स डे येतो, त्यावरून घरोघरी जे होतं ते होतं. सीओ बोटी पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर उभा, टॉर्च आणि मोजपट्टी घेऊन. लायसन्स बघ, लाइव्हवेलमधले, म्हणजे बोटीतल्या पाण्याच्या टाकीतले, मासे पट्टीवर ठेव, माणशी एक लाइफ जॅकेट आहे का, दहा वर्षांखालच्या पोरानं ते घातलंय का. पाणी अजून इतकं गार असतं की पडलेला चांगला पोहणाराही काही मिनिटांत हातपाय हलवू शकत नाही. आणि परतताना प्लग. बोटीच्या बुडाचा ड्रेन प्लग काढून, पाणी पूर्ण सोडूनच रस्त्यावर यायचं, कारण 1989 मध्ये दुलुथच्या बंदरात सापडलेले झेब्रा मसल्स, म्हणजे बाहेरून आलेले उपद्रवी शिंपले, असेच ओंजळभर पाण्यातून तळ्यातळ्यात पोचतात. मासा मर्यादेत, लायसन्स खिशात, आणि प्लग तसाच लावलेला, म्हणून दंडाचं तिकीट खाणारे पुष्कळ.

मे संपता संपता फोनचा विषय बदलतो. हरणाचं पाडस एकटं पडलंय, घरी आणलंय, बाटलीनं दूध पाजू का? हरणी पाडसाला गवतात ठेवून मुद्दामच लांब चरते, त्यामुळे सीओचं उत्तर ठरलेलं, जिथून उचललं तिथेच नेऊन ठेवा आणि लगेच निघा तिथून.