माया संस्कृतीतल्या वाजणाऱ्या मातीच्या मूर्ती

मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलिझ या पट्ट्यात माया लोक भाजक्या मातीच्या छोट्या मूर्ती बनवायचे आणि त्यातल्या कितीतरी मूर्ती फुंकल्या की चक्क वाजतात. सगळ्यात फेमस आहेत त्या हाइना बेटावरच्या. मेक्सिकोच्या काम्पेचे राज्याच्या किनाऱ्याला लागूनच हे बेट आहे, साधारण इ.स. 600 ते 900 या काळात तिथे माणसं पुरताना सोबत या मूर्ती ठेवायचे, कधी छातीवर, कधी हातात. बहुतेक वीतभर किंवा त्याहून लहान. मागावर विणत बसलेली बाई, बॉलगेमचा (माया लोकांच्या रबरी चेंडूच्या खेळाचा) खेळाडू, योद्धा, बुटका माणूस, फुलातून वर येणारी आकृती, असे एकेक विषय आहेत आणि काहींवर तो प्रसिद्ध माया निळा रंग अजून टिकलाय.

मूर्ती पाठमोरी केली की खरी गंमत कळते. पुढची बाजू साच्यात दाबून काढलेली, दागिन्यांसकट बारीक काम, आणि पाठ मात्र साधी, हाताने सारखी केलेली, तिथेच खालच्या अंगाला फुंकायची तोटी असते. बऱ्याच मूर्तींमध्ये ही तोटीच तिसरा पाय होते, म्हणजे मूर्ती तिच्यावर टेकून उभीपण राहते. पोट पोकळ असतं, फुंकलेली हवा तोटीतून जाऊन जवळच्या भोकाच्या धारेवर आपटते आणि आतली हवा घुमून आवाज निघतो. बोटांसाठी एकदोन भोकं असतील तर सूर बदलता येतो. बासरीत भोक नेमकं कुठेय त्यावर सूर ठरतो, इथे मात्र किती भोकं उघडी आहेत आणि ती केवढी आहेत यावर. म्युझियममध्ये या मूर्ती काचेआड फक्त समोरून दाखवतात ते मला अजिबात पटत नाही, तोटीच दिसली नाही तर हे वाद्य आहे हे बघणाऱ्याला कळणार कसं?

आणि त्या फक्त थडग्यासाठी होत्या असंही नाही. ग्वाटेमालातलं अग्वातेका शहर नवव्या शतकाच्या सुरुवातीला हल्ला झाल्यावर लोकांनी घाईघाईत सोडलं, सामान तसंच मागे राहिलं, तिथे घराघरांत अशा मूर्ती सापडल्यात, म्हणजे त्या रोजच्या घरातल्याच वस्तू होत्या. हाइनाचं मात्र वाईट झालं, चोरट्या खोदकामात ढीगभर मूर्ती बाजारात गेल्या, त्यामुळे कुठली कोणाच्या थडग्यातली हे आता सांगता येत नाही.

आपल्याकडे हडप्पा संस्कृतीतही पोकळ मातीच्या पक्ष्यांच्या शिट्ट्या सापडतात, त्या मायांच्या कितीतरी आधीच्या, दोघांचा एकमेकांशी संबंध काही नाही.