पार्श्वभूमी: मनातल्या मूर्तींची शिकवण कुठून आली

पैसा, करिअर, मोबाइल, मुलांचे यश यांना आधुनिक मूर्ती म्हणणे चर्चमधल्या प्रवचनांतून आता रुळले आहे. कल्पना जुनीच आहे. बायबलमधल्या यहेज्केलाच्या 14व्या अध्यायात इस्राएलाचे वडीलजन अंतःकरणात मूर्ती बाळगून संदेष्ट्यापुढे येऊन बसतात, आणि कलस्सैकरांस पत्र 3:5 मध्ये लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे. आज मंडळ्यांतून दिल्या जाणाऱ्या शिकवणीला मात्र आकार आला तो सोळाव्या शतकात, चर्चमधल्या प्रतिमांचे काय करायचे या भांडणातून.

1522च्या जानेवारीत जर्मनीतल्या विटेनबर्गच्या नगरसभेने प्रतिमा हटवण्याचे ठरवले. लोकांना धीर निघाला नाही, तोडफोड झाली. मार्चमध्ये शहरात परतलेल्या मार्टिन लूथर या सुधारकाने सलग आठ दिवस प्रवचने देऊन त्यांना आवरले. त्याचे म्हणणे, मूर्ती आधी मनातून निघाली पाहिजे. सूर्य-ताऱ्यांचीही पूजा होते, म्हणून त्यांना आकाशातून खाली ओढायचे का? स्वित्झर्लंडमधल्या ज्यूरिखने वेगळी वाट धरली. 1523च्या ऑक्टोबरात जाहीर वादसभा झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात चर्चची दारे आतून लावून गवंडी, सुतार यांच्या हातून प्रतिमा उतरवल्या गेल्या. ज्यांच्या घराण्याने प्रतिमा दिली होती, त्यांना ती परत नेण्याची मुभा होती. भिंती स्वच्छ झाल्या, पण लोभ आणि भय होते तिथेच राहिले. या मुद्द्यावर विटेनबर्गची नजर अधिक खोल होती.

लूथरच्या 1529च्या मोठ्या प्रश्नोत्तरीने (विश्वास शिकवणाऱ्या पुस्तकाने) म्हणूनच दहा आज्ञांतली पहिली, ‘दुसरे देव नकोत’ ही आज्ञा थेट धनावर नेली: मन ज्याला चिकटते आणि ज्याच्यावर विसंबते, तो तुमचा देव. 1563च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने देवाऐवजी किंवा देवाच्या जोडीला ज्याच्यावर भरवसा टाकला जातो, ते सारे मूर्तिपूजेत धरले. यातले ‘जोडीला’ महत्त्वाचे. नियमित उपासनेला येणारा, दशांश देणारा माणूस सापडतो तो इथेच.

गुंता होतो तो आज्ञांच्या क्रमांकांत. कॅथलिक आणि लूथरन परंपरेत प्रतिमांची मनाई पहिल्या आज्ञेतच मोडते. ज्यूरिखच्या वाटेने गेलेल्या रिफॉर्म्ड परंपरेत ती स्वतंत्र दुसरी आज्ञा आहे. वाद मोजणीचा वाटतो, पण परिणाम मोठा आहे. दुसरी आज्ञा वेगळी काढली की खोटा देव आणि खऱ्या देवाची खोटी प्रतिमा ही दोन पापे वेगळी दिसतात. निर्गम 32:5 मध्ये अहरोन सोन्याच्या वासरापुढे जो उत्सव जाहीर करतो, तो परमेश्वराच्याच नावाने. कधीच न रागावणारा, आपल्याच बाजूचा, मागितले ते देणारा देव हे त्याच जातीचे वासरू आहे, आणि आजच्या याद्यांतून नेमके तेच सुटते. देवाने दिलेली वस्तूही यातून सुटत नाही. रानात जीव वाचवणाऱ्या पितळेच्या सर्पापुढे लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडला (2 राजे 18:4). मंडळीतल्या सेवेचेही असे होऊ शकते.

विसाव्या शतकात रोख सामूहिक मूर्तींकडे वळला. नाझी राजवटीत जर्मन प्रोटेस्टंटांनी काढलेल्या 1934च्या बार्मेन घोषणेने ख्रिस्ताच्या जोडीला इतर सत्ता आणि घटना प्रकटीकरण म्हणून मानायला नकार दिला. 1992च्या कॅथलिक धर्मशिक्षणात सत्ता, सुख, वंश, पूर्वज, राज्य आणि पैसा अशी यादीच आली. त्यानंतरच्या लोकप्रिय शिकवणीत मात्र हा शब्द इतका स्वस्त झाला की साध्या आवडीवरही तो चिकटवला जातो. क्रिकेट आवडणे ही मूर्तिपूजा नव्हे.

मूर्ती ओळखताना आजही मनाचा भरवसा कुठे आहे याच्या खुणा पाहतात: वाईट बातमी येताच मन आधी कुठे धावते, काय गेले तर देवावरच राग धरला जाईल, आणि कशासाठी आपण खोटे बोलायला तयार होतो. शेवटची खूण सहसा चुकत नाही, कारण तिथे आज्ञा मोडण्याची किंमत मनाने आधीच मान्य केलेली असते. मग मोघम पश्चात्तापाऐवजी त्या गोष्टीचे नाव घेऊन, शक्यतो मंडळीतल्या एखाद्या विश्वासू वडीलजनासमोर, कबुली द्यायची आणि ठरावीक मुदतीचा उपास धरायचा. मूर्ती पैसा असेल तर जाणवेल इतके दान. नुसत्या त्यागावर थांबले की मत्तय 12:43-45 मधल्या झाडलेल्या रिकाम्या घरासारखे होते: पैशाची जागा प्रतिष्ठा घेते, प्रतिष्ठेची जागा आपल्या साधेपणाचा अभिमान. त्या जागी रोजची प्रार्थना आणि वाचन बसवावे लागते. देवाच्या खोट्या प्रतिमेवर मात्र उपासाचा फारसा उपयोग होत नाही. तिथे आवडती वचने बाजूला ठेवून एक शुभवर्तमान पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, नकोसे वाटणारे भाग न गाळता वाचतात.