पक्षादेश अर्थात व्हिप

सभागृहात कोणत्या बाजूने मत द्यायचे, हे पक्षाने आपल्या आमदार-खासदारांना लेखी बजावणे म्हणजे पक्षादेश. बोलताना सगळे व्हिपच म्हणतात. तो काढणारा प्रतोद. या शब्दाचा मूळ अर्थ जनावर हाकायचा चाबूक. मजकुराखालच्या रेघांवरून निकड कळते : एक रेघ म्हणजे नुसती सूचना, दोन म्हणजे हजर राहा, तीन म्हणजे हजर राहून सांगितले तसेच मत द्या.

ब्रिटनमध्ये तीन रेघांचा व्हिप मोडणाऱ्याला पक्ष फार तर बाहेर काढतो; खासदारकी शाबूत राहते. भारतातही १९८५ पर्यंत तसेच होते. हरियाणात १९६७ साली गयालाल या आमदाराने पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम-गयाराम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. त्या वर्षी बावन्नाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावी अनुसूची, म्हणजेच पक्षांतरबंदी कायदा आला. राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेख पहिल्यांदा झाला तो इथे, तोही सदस्याला अपात्र ठरवण्याच्या निमित्ताने! व्हिप झुगारला आणि पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर सदस्यत्व जाऊ शकते. म्हणजे मतदारसंघाने निवडून दिलेल्या माणसाचे मत पक्षाच्या ताब्यात गेले.

पक्षाचे एक-तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर अपात्रता टळे; ही सवलत २००३ च्या दुरुस्तीने काढली; दोन-तृतीयांश आमदारांसह दुसऱ्या पक्षात विलीन होण्याची वाट राहिली. गोव्यात काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार २०१९ मध्ये, तर ११ पैकी ८ आमदार २०२२ मध्ये भाजपात गेले. दोन्ही वेळा कायद्याला लागतात तेवढेच, एकही जास्त नाही.

पण पक्षच दुभंगला तर व्हिप कोणाचा? ३ जुलै २०२२ रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत शिवसेनेच्या दोन्ही गटांनी आपापला व्हिप काढला. ठाकरे गटाचे प्रतोद सुनील प्रभू, शिंदे गटाचे भरत गोगावले. राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनी निवडून आले आणि त्यांनी गोगावलेंना मान्यता दिली. प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष (सभागृहातला त्याच्या आमदारांचा गट) नव्हे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी ही मान्यता बेकायदा ठरवली. अपात्रतेचा निर्णय मात्र अध्यक्षांकडेच ठेवला. नार्वेकरांनी १० जानेवारी २०२४ रोजी शिंदे गटच खरी शिवसेना मानून गोगावलेंची नेमणूक वैध धरली. तरीही ठाकरे गटाचे आमदार अपात्र झाले नाहीत. कारण गोगावलेंचा व्हिप त्यांच्यावर प्रत्यक्ष बजावलाच गेला नव्हता.