स्टाफरूममधल्या भांडणांमागच्या तारखा

शाळेतलं राजकारण म्हटलं की बोलणं लगेच माणसांवर घसरतं. अमुक सर हेडमास्तरांच्या मर्जीतले, तमुक बाई कुणाशी बोलत नाहीत, गणिताचे सर संस्थाचालकांचे पाहुणे. त्यात तथ्य नसतं असं नाही. पण महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या अनुदानित हायस्कुलात मधल्या सुट्टीत कोण कुणासोबत डबा उघडतं ते नीट पाहा. स्वभावापेक्षा नेमणुकीच्या तारखेनेच गट जास्त पडलेले दिसतील. या तारखा शिक्षकांनी ठरवलेल्या नाहीत. त्या मंत्रालयातून आल्या, एकेका शासन निर्णयासोबत.

मास्तरांमधली फूट तशी जुनीच. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ साली स्थापन झाली आणि सहा वर्षांत, १८९० मध्ये, टिळकांनी राजीनामा दिला. आजीव सदस्यांनी निर्वाहापुरता पगार घ्यावा, बाहेरची कमाई आणि कामं करू नयेत, हा टिळकांचा आग्रह होता. आगरकर-गोखले यांना तो पटत नव्हता. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं आणि ठिणगी पडली. हा तत्त्वाचा वाद म्हणून सांगितला जातो, आणि तो होताच. तरी त्यातले मुद्दे आजच्या कुठल्याही शिक्षकाला परके वाटणार नाहीत: पगार किती, बाहेरचं उत्पन्न चालतं का, आणि शाळेला पूर्ण वेळ कोण देतं.

पुढे गावोगावी संस्था निघाल्या, शाळा वाढल्या, अनुदान आलं, पण मास्तरांची नोकरी बराच काळ संस्थाचालकांच्या हातात राहिली. एप्रिलमध्ये कमी करायचं आणि जूनमध्ये पुन्हा घ्यायचं, म्हणजे सुट्टीचा पगार वाचला, ही युक्ती जुन्या पिढीतले शिक्षक अजून सांगतात. ते बदललं १९७७ च्या कायद्याने. 'महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम' असं त्याचं लांबलचक नाव. शाळांमध्ये नुसतं 'एमईपीएस' म्हणतात. त्याची नियमावली १९८१ ची. दोन वर्षांचा परिवीक्षा काळ संपला की नोकरी पक्की, चौकशीशिवाय काढता येणार नाही, काढलंच तर शाळा न्यायाधिकरणाकडे दाद. शिक्षकाला ताठ मानेने उभं केलं ते या कायद्याने, याबद्दल दुमत नसावं.

पण त्याच नियमावलीने स्टाफरूमला भांडणाचा एक कायमचा कागदही दिला: सेवाज्येष्ठता यादी. अल्पसंख्याक संस्थांना मुख्याध्यापक निवडण्याची मोकळीक आहे. बाकी खाजगी शाळांत पात्र शिक्षकांपैकी सर्वांत ज्येष्ठाला ते पद मिळायला हवं. म्हणजे यादीतला तिसरा क्रमांक आणि चौथा क्रमांक यांत अख्ख्या कारकिर्दीचा फरक. यादी सगळ्यांत फिरवायची, सह्या घ्यायच्या, हरकती ऐकायच्या, असा नियम आहे. सही करताना पेन थबकतं ते एका ठरावीक ठिकाणी. एक शिक्षक डी.एड. वर पाचवीच्या वर्गाला लागला, नोकरी करता करता पदवी आणि बी.एड. झाला. दुसरा नंतर आला, पण थेट बी.एड. होऊन आठवीला. ज्येष्ठ कोण? पहिला म्हणतो, मी आधी रुजू झालो. दुसरा नियमावलीची अनुसूची 'फ' उघडून दाखवतो, की माध्यमिकची ज्येष्ठता पात्रता पूर्ण झाल्यापासून मोजायची. ही भांडणं उच्च न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. निकाल लागेपर्यंत दोघं एकाच शाळेत समोरासमोर तास घेत असतात, आणि प्रभारी मुख्याध्यापक वेळापत्रक कुणाच्या बाजूने लावतो याकडे बाकीच्यांचं लक्ष.

तरीही या भांडणात एक समानता होती. यादीत वर असो वा खाली, पगार, रजा, पेन्शन सगळ्यांना एकच नियम. ती समानता २००० नंतरच्या दहाएक वर्षांत तुटली.

आधी आली शिक्षणसेवक योजना, २००० साली. पहिली तीन वर्षं पगाराऐवजी मानधन. बरीच वर्षं ते प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० रुपयांवर अडून होतं; २०२३ मध्ये १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. नव्या माणसाला जास्त तास, शनिवारची कवायत, सहलीची जबाबदारी आणि कुणी रजेवर गेलं की बदली तास, ही रीत आधीही होती. आता ते सगळं शेजारच्या सरांच्या पगाराच्या तुकड्यात करायचं होतं. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, नव्या शाळांना 'कायम विनाअनुदान' या अटीवर परवानगी देण्याचं धोरण आलं. त्यातला 'कायम' शब्द २००९ मध्ये गेला, पण शब्द जाणं आणि पैसे येणं यांत वर्षं गेली. मग २० टक्के, ४० टक्के असे अनुदानाचे टप्पे आले. नैसर्गिक वाढीच्या, म्हणजे मुलं वरच्या इयत्तेत जातील तशा वाढत गेलेल्या, तुकड्यांमुळे एकाच शाळेत शंभर टक्क्यांचे, वीस टक्क्यांचे आणि शून्य टक्क्यांचे शिक्षक नांदू लागले. स्टाफरूममध्ये माणसाची ओळखही तशीच करून देतात: 'ते चाळीस टक्क्यांवाले'. टप्पावाढीसाठी आझाद मैदानात धरणं धरणाऱ्यांमध्ये बहुतेक हेच असतात, आणि तेव्हा मागे त्यांचे तास सांभाळणारे बहुतेक शंभर टक्क्यांवाले. यावरून कृतज्ञता आणि कुरबूर दोन्ही निर्माण होतात.

तिसरी रेघ १ नोव्हेंबर २००५ ची. त्या दिवसापासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३ मध्ये, ऐन परीक्षांच्या मोसमात, राज्यभर संप झाला तो याच मागणीसाठी. त्यात जुनी पेन्शन असलेले शिक्षकही उतरले होते, हे मुद्दाम नोंदवायला हवं. फळ्या पडल्या म्हणजे माणुसकी संपली असं नाही.

खरी धास्ती मात्र संच मान्यतेची, म्हणजे पटावरून शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर होतात त्याची. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि पहिली ते पाचवीला ३० मुलांमागे, सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण कायद्यात आलं. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, फुगवलेले पट उघडे पडले. २ मे २०१२ ला भरतीवर बंदी आली. दोष पट फुगवणाऱ्यांचा, पण बंदीची झळ बसली ती रिकाम्या जागेची वाट पाहणाऱ्यांना. बंदीनंतरच्या नेमणुकांच्या मान्यता पुढे चौकशीच्या फेऱ्यात अडकल्या, आणि आणखी एक 'नंतरच्यांचा' गट तयार झाला.

त्याच सुमारास मराठी शाळांचा पट आटत होता. पहिलीपासून इंग्रजी २००० सालीच आलं होतं, मग सेमी इंग्रजीच्या तुकड्या निघाल्या, तरी इंग्रजी माध्यमाकडे जाणारी रीघ थांबली नाही. आता ३० सप्टेंबरची पटसंख्या ही शाळेची जन्मपत्रिका. ती घसरली की पद कमी, आणि विषय व प्रवर्ग पाहून कनिष्ठ शिक्षक 'अतिरिक्त'. म्हणून उन्हाळ्यात शिक्षक पाचवी-आठवीचे प्रवेश अर्ज घेऊन वस्त्यांवर फिरतात. दोन शाळांचे शिक्षक एकाच दारात भेटतात. कुणी सायकल देऊ करतं, कुणी गणवेश, तेही स्वतःच्या पगारातून वर्गणी काढून. यात सर्वांत जास्त पायपीट यादीत तळाशी असलेला करतो, कारण पद गेलं तर त्याचं जाणार. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्याने उन्हातून फिरायचं की नाही, यावरून झालेले अबोले पुढच्या दिवाळीपर्यंत टिकतात.

आणि एक जागा खरोखर रिकामी झालीच, तर तिच्यावर तिघांचा डोळा. दुसऱ्या शाळेतून समायोजनाने येणारा अतिरिक्त शिक्षक. त्याच संस्थेत विनाअनुदानित तुकडीवर वर्षानुवर्षं राबलेला आणि अनुदानित पदावर बदली मागणारा शिक्षक. आणि २०१७ पासून शासनाच्या शिक्षक भरतीच्या 'पवित्र' पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीचे गुण घेऊन येणारा नवा उमेदवार. तिघांचीही बाजू रास्त आहे. म्हणूनच हा प्रश्न कुणाला समजावून सुटत नाही. जो येतो त्याला उरलेल्या दोघांची माणसं महिनोन्‌महिने 'आपल्या शाळेतले' म्हणत नाहीत. त्यात समायोजित शिक्षकाची ज्येष्ठता कुठून धरायची हा वाद असतोच, म्हणजे फिरून तीच यादी.

कामाच्या ओझ्याबद्दल बरंच बोललं गेलंय. मतदार याद्या, सर्वेक्षणं, सरल आणि यू-डायस या सरकारी ऑनलाइन प्रणालींतल्या नोंदी, रात्री साडेदहाला ग्रुपवर पडणारं 'माहिती तात्काळ सादर करावी'. 'आम्हाला शिकवू द्या' ही मोर्च्यांतली घोषणा त्यातूनच आली. मला वाटतं, या कामांनी शिक्षक थकतो. मनाने खचतो तो शेजाऱ्याशी तुलना करताना. काम तेच, वर्ग तोच, फळा तोच, आणि पगारपत्रक निराळं.

शिक्षक मतदारसंघानेही या फळ्या बुजवल्या नाहीत. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी सात शिक्षकांच्या, पण मत फक्त माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांत शिकवणाऱ्यांना. प्राथमिक शिक्षक बाहेर. निवडणूक आली की एकाच स्टाफरूममध्ये तीन संघटनांच्या डायऱ्या आणि कॅलेंडरं येतात, आणि कुणाची भिंतीवर लागली याची नोंद ठेवली जाते.

सर्वांत ताजी रेघ १ सप्टेंबर २०२५ ची. शिक्षक पात्रता परीक्षा महाराष्ट्रात २०१३ पासून नव्या भरतीसाठी होत होती. आता सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या सेवेतल्या शिक्षकांनाही ती लागू केली, अगदी शिक्षण हक्क कायद्याच्या आधी लागलेल्यांनाही. पाच वर्षांहून जास्त सेवा उरली असेल, तर दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं. पाचपेक्षा कमी उरली असेल, तर निवृत्तीपर्यंत नोकरी राहील, पदोन्नती मिळणार नाही. २३ नोव्हेंबर २०२५ च्या परीक्षेला पंचवीस वर्षं शिकवलेले गुरुजी त्यांच्याच माजी विद्यार्थ्यांच्या वयाच्या उमेदवारांबरोबर बसले. महाराष्ट्रात निवृत्ती ५८ व्या वर्षी, तेव्हा रेघ साधारण त्रेपन्नाव्या वर्षावर पडते. शिवाय पाचवी ते दहावीच्या हायस्कुलात ती मधूनच जाते: आठवीपर्यंत शिकवणाऱ्यांना परीक्षा, फक्त नववी-दहावी घेणाऱ्यांना नाही. त्यामुळे पुढच्या जूनमध्ये नववीचे तास कुणाला द्यायचे, ही मुख्याध्यापकांची आतापर्यंतची साधी बाब काही शाळांत आत्ताच चिठ्ठ्या टाकण्यापर्यंत आली आहे.