पंचविशीनंतर एमबीबीएसला प्रवेश मिळत नाही?

‘पंचवीस पूर्ण झाली की नीट ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा देता येत नाही,’ हा मेसेज मुंबईतल्या ग्रुपांवर वर्षानुवर्षे फिरतोय. तो हवेतून आलेला नाही. पूर्वी खुल्या गटाला २५ आणि राखीव गटांना ३० वर्षांची कमाल मर्यादा खरोखरच होती. २०२२ मध्ये ती काढली. मेसेज मात्र तसाच राहिला. परळच्या एखाद्या लॅबमध्ये काम करणारी, डॉक्टर व्हायचं मनात असलेली मुलगी तो वाचून अर्जच भरत नसेल, तर मला त्याचं फार वाईट वाटतं.

पडताळणं सोपं आहे. ज्या वर्षी परीक्षा द्यायची, त्या वर्षीची नीटची अधिकृत माहितीपुस्तिका उघडा आणि पात्रतेचं प्रकरण वाचा. तिथे किमान वय दिसेल, प्रवेशाच्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण. बारावीच्या विषयांची अटही तिथेच आहे. जीवशास्त्र सोडलेल्यांनी ती आधी पाहावी.

अर्ज कधी करायचा, हे मात्र पुढची वर्षं मोजूनच ठरवा. साडेचार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप. ३० व्या वर्षी प्रवेश घेतला तर पस्तिशी ओलांडताना पदवी हाती येते, एमडीला आणखी तीन वर्षं. अभ्यासक्रम पूर्णवेळ असल्याने नोकरी सुटते. घरभाडं आणि हप्ते तोवर कोण भरणार, हे घरी बसून आधी बोला.