भेंडी सेंद्रिय, कांदा साधा

ठाण्यात घोडबंदर रोडवर किंवा नवी मुंबईत सीवूड्स-नेरूळच्या बाजूला कुठल्याही मोठ्या दुकानात शिरा, सेंद्रिय मालाची एक वेगळी मांडणी असतेच. तीच तूरडाळ, तोच गूळ, तोच तांदूळ. भाव मात्र दीडपट, कधी दुप्पट. महिन्याच्या खर्चात थोडी जागा काढून आपण तिथून बहुतेक वेळा काय उचलतो? साखर, गूळ, फार तर नाचणीची बिस्किटं. भाजी मात्र नेहमीच्याच भाजीवाल्याकडून. कीटकनाशक टाळायचं म्हणून हा जादा खर्च करत असाल, तर तो अगदी उलट्या जागी होतोय. साखर होईपर्यंत उसाचा रस इतक्या वेळा तापतो, गाळला जातो, शुद्ध होतो की शेतातल्या फवारणीचं त्यात फारसं काही उरत नाही. भेंडीच्या बाबतीत असं काहीच घडत नाही. ती शेतातून निघते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपल्या कढईत पडते.

सगळंच सेंद्रिय घ्यावं म्हटलं तर आकडेमोड आडवी येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनात २००० कॅलरीच्या ताटासाठी दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. चौघांच्या घराला म्हणजे रोज १.६ किलो भाजी, महिन्याला ४८ किलो. ही सगळी दुप्पट भावानं घेणं नोकरदार घराला झेपणारं नाही. मग होतं असं, की सेंद्रियच्या हट्टापायी भाजीच कमी येते आणि ताटात बटाटा वाढतो. हा सौदा तोट्याचा. भरपूर भाजी खाण्याचे फायदे पक्के ठाऊक आहेत. सेंद्रिय भाजीचा त्यावरचा जादा फायदा किती, यावर अजून वाद आहे.

२०१२ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. सेंद्रिय अन्न जास्त पौष्टिक असतं याला भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. कीटकनाशकांचे अवशेष मात्र कमी आढळले. २०१४ साली ब्रिटनमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी निघाला, आणि अवशेष सापडण्याचं प्रमाण साध्या पिकांत सुमारे चौपट. पौष्टिकतेवर दोघांचं एकमत नाही, अवशेषांवर आहे. तेव्हा जादा पैसे मोजायचे ते अवशेषांसाठी, जीवनसत्त्वांसाठी नव्हे.

आता हे अवशेष आपल्याकडे असतात किती? केंद्र सरकारच्या अवशेष तपासणी योजनेत २०१४-१५ या वर्षी देशभरातून २०,६१८ नमुने घेतले होते: भाज्या, फळं, धान्य, मसाले, दूध वगैरे. १८.७ टक्के नमुन्यांत कीटकनाशक सापडलं, पण कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त होतं ते फक्त २.६ टक्क्यांत. सेंद्रिय म्हणून विकणाऱ्या दुकानांतले काही नमुनेही अवशेषांपासून सुटलेले नव्हते. 'सगळीकडे विषच विष' म्हणणाऱ्यांनी आणि 'काही होत नाही' म्हणणाऱ्यांनी हे आकडे एकदा शांतपणे वाचावेत. सुरक्षित मात्रा ठरवताना प्राण्यांवर ज्या मात्रेचा काहीच परिणाम दिसला नाही ती घेतात आणि साधारण १००नं भागतात, त्यामुळे मधे बरंच अंतर असतं. पण लहान मूल वजनाच्या मानानं मोठ्या माणसापेक्षा जास्त खातं, आणि एकाच भाजीवर तीन-चार औषधं एकत्र आली तर काय होतं याची तपासणी एकेका औषधाइतकी झालेली नाही. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर थोडा जास्त विचार करावा तो यामुळे.

माझ्या मते खर्च ठरवताना एकच प्रश्न विचारावा: नको असलेली गोष्ट या पदार्थात शिरते कुठून? वरून फवारल्यामुळे, मुळातून, पाण्यातून, की नंतर कोणीतरी मिसळल्यामुळे?

भेंडीचंच घ्या. कुठल्याही कीटकनाशकाच्या डब्यावर फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं. तेवढ्यात ऊन-पावसानं औषधाचा अंश विरतो. पण भेंडी एकदा लागली की दिवसाआड तोडावी लागते. आणखी दोन दिवस राहिली तर जून होते आणि बाजारात कोणी हात लावत नाही. काकडी, मिरची, वांगी यांचेही तोडे पाठोपाठ चालू असतात. कीड तर याच काळात सगळ्यात जास्त. शेतकऱ्यानं फवारलं आणि दुसऱ्या दिवशी तोडा आला, तर तो थांबणार कसा? त्याला दोष देणं सोपं आहे, पण कोवळी, बिनडागाची भेंडी मागणारे आपणच. उलट कांदा, बटाटा, सुरण, रताळं, लाल भोपळा, दुधी यांची एक तर काढणी एकदाच, नाही तर साल काढूनच खाणं. केळं, पपई, नारळ, कलिंगड यांनाही जाड सालीचं संरक्षण. यांवर सेंद्रियचे पैसे घालवायला मी तयार नाही.

वांग्यावरून एक समजूत हटकून ऐकायला मिळते: किडकं वांगं घ्या, म्हणजे फवारलेलं नसतं. वांग्यातली शेंडे आणि फळ पोखरणारी अळी अंड्यातून निघाल्यावर थोड्याच वेळात आत शिरते. आत गेली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून शेतकरी पुन्हा फवारतो, आणि पुन्हा. भोक असलेलं वांगं हे सगळ्यात जास्त फवारे खाल्लेलं वांगंही असू शकतं. फ्लॉवर-कोबीवर पडणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग तर जगातल्या सगळ्यात निगरगट्ट किडींपैकी एक; बहुतेक औषधांना त्यानं कुठे ना कुठे दाद देणं सोडलंय. म्हणून माझी यादी अशी: भेंडी, मिरची, वांगी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, सालीसकट खायची द्राक्षं आणि लहान मुलांसाठी येणारी फळं. पैसे असतील तर इथे घालावेत. अमेरिकेतल्या 'सर्वांत दूषित बारा'सारख्या याद्या फोनवर फिरत येतात, पण त्या तिथल्या शेतीच्या आणि तिथल्या तपासणीच्या आहेत. त्यात आपली भेंडी शोधण्यात अर्थ नाही.

सेंद्रिय परवडत नसेल तर धुणं आहेच, आणि तेही नीट कळून करावं. २०१७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर दोन औषधं लावून ती वेगवेगळ्या तऱ्हेनं धुऊन पाहिली. नुसत्या पाण्यापेक्षा खाण्याच्या सोड्याचं एक टक्का पाणी (लिटरभर पाण्यात चहाचे सपाट दोन चमचे) जास्त गुणकारी ठरलं. १२ ते १५ मिनिटं बुडवल्यावर पृष्ठभागावरचं एक औषध ८० टक्के गेलं, दुसरं ९६ टक्के. पण त्यातल्या एकाचा साधारण पाचवा हिस्सा तोवर सालीच्या आत मुरला होता. काही कीटकनाशकं तर मुद्दाम तशीच बनवलेली असतात: मुळातून किंवा पानातून शोषली जाऊन झाडभर फिरणारी, म्हणजे रस शोषणारी कीड मरावी. ती धुऊन कशी जाणार? सोड्याचं पाणी वरचं काढतं, आतलं नाही. द्राक्षं आणि मिरच्या पंधरा मिनिटं बुडवून मग वाहत्या पाण्याखाली धरा. भेंडी धुऊन कोरडी पुसा आणि मगच चिरा, हे बहुतेक घरांत तारेच्या भीतीनं होतंच.

पालेभाजीची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती ठाण्याच्या माणसाला लोकलच्या खिडकीतून दिसते. रुळांच्या कडेला हिरवेगार वाफे असतात: पालक, माठ, मुळा, अळू. काही ठिकाणी त्यांना पाणी मिळतं ते शेजारच्या नाल्याचं. तिथे कोणी फार फवारतही नसेल. जुडी स्वस्त, ताजी, तुकतुकीत. पण सांडपाण्यात शिसं, कॅडमियम असेल तर ते मुळातून वर चढतं, आणि पालकासारख्या पालेभाज्या कॅडमियम चांगलंच ओढून घेतात. हे पानाच्या आत असतं. मीठ, सोडा, व्हिनेगर, कशानंही निघत नाही, शिजवूनही नाही. जंतू निदान उकळल्यावर मरतात; म्हणून कच्ची खायची कोथिंबीर-पुदिना अशा वाफ्यांतला तर मुळीच नको. पालेभाजी घेताना 'सेंद्रिय आहे का' यापेक्षा 'कुठली आहे' हा प्रश्न कामाचा, आणि तो फुकट विचारता येतो. वाशीच्या घाऊक बाजारातून आलेली जुडी असेल तर भाजीवाला बहुधा जिल्हा सांगतो. नुसतं 'इथलीच, ताजी' असं उत्तर आलं तर मी दुसऱ्या टोपलीकडे वळते.

पावसाळा आला की याच शहरात बिनफवारणीची भाजी स्वस्तात मिळते आणि तिच्यावर कुठलंच चिन्ह नसतं. जूनच्या सुमाराला जांभळी नाक्याकडे आणि स्टेशनच्या वाटेवर येऊर, शहापूर, मुरबाडकडच्या आदिवासी बाया रानभाज्या घेऊन बसतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, आणि करटोली. शेवळं घेतलीत तर सोबत काकडं, म्हणजे आंबट रानफळं, मागून घ्या. ती बाई बहुधा स्वतःच हातात ठेवते. शेवळाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशाला टोचतात, तीच ती खाज. बाहेरचं आवरण सोडवून आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलात चांगलं परतायचं आणि काकडांचा नाही तर चिंचेचा आंबटपणा द्यायचा. मग सोडे (सुकी कोळंबी) घाला की वाल, तुमची आवड. फक्त हौसेनं डोंगरावर जाऊन स्वतः खुडू नका. ओळखण्यात चूक झाली तर महागात पडेल, आणि रस्त्याकडेचा टाकळा धूर खाऊन वाढलेला असतो.

धान्यात मी बाजरी, नाचणी, वरई साधीच घेते. बहुतेक कोरडवाहू पिकं, फवारणी मुळात कमी. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, सेंद्रिय असो की नसो. हळदीचं भय वेगळं. हळकुंडांना पिवळीजर्द चकाकी यावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिसं असलेला रंग, चोळण्याचे प्रकार दक्षिण आशियात उघड झाले आहेत. बांगलादेशात २०१९ साली बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत हा रंग सापडला होता. छापे आणि जनजागृतीनंतर २०२१ साली तो शून्यावर आला. ही भेसळ शेतात होत नाही, व्यापारात होते. म्हणून हळदीत मी सेंद्रियपेक्षा रंगाकडे बघते: मळकट पिवळी ती बरी. गुळाचंही तसंच. पिवळाधमक गूळ बहुधा रसायनानं उजळवलेला असतो. काळपट गूळ त्या मानानं बरा, पण तोही शेवटी साखरच.

पाकिटावर काय बघायचं? सेंद्रियचं सरकारी चिन्ह; २०१७च्या नियमांनी सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटांसाठी 'जैविक भारत' हे चिन्ह आणलं. त्यामागे दोन वाटा असतात. एकीत बाहेरची संस्था येऊन शेताची तपासणी करते. दुसरीत, पीजीएसमध्ये (सहभागी हमी पद्धतीत), शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेतं तपासतो. ती स्वस्त पडते, म्हणून छोट्या शेतकऱ्यांना परवडते. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असलेला छोटा शेतकरी थेट तुम्हालाच विकत असेल तर त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही, मात्र त्याला ते चिन्ह वापरता येत नाही. म्हणजे शेतकरी बाजारात चिन्ह नसलेला माल दिसला म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याला विचारा, कीड पडली की काय मारता? निंबोळी अर्क, दशपर्णी, चिकट सापळे असं सविस्तर सांगू लागला तर ऐकत राहा. 'आमच्याकडे कीड पडतच नाही' म्हणाला तर पुढे चला. नुसतं 'नॅचरल' लिहिलेल्या डब्याला तर जादा पैसे देऊच नका. त्यामागे शेताची कुठलीच तपासणी नसते.

तांदूळ कर्जत-मुरबाडच्या शेतकऱ्याकडून सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून थेट घेतला तर सेंद्रियचा भावही आटोक्यात येतो. पण पुढची गंमत बघा. असा निवडून आणलेला तांदूळ घरी येतो आणि टोके पडू नयेत म्हणून त्याला बोरिक पावडर लावली जाते, किंवा डब्यात पारद टिकड्या टाकल्या जातात. बोरिक पावडर आपण झुरळांना घालतो आणि अन्न टिकवण्यासाठी ती वापरायला परवानगी नाही. पारद टिकडीत तर पारा असतो. तांदळातली सोंडकिडीची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते, त्यामुळे वरून स्वच्छ दिसणाऱ्या दाण्यातही कीड असू शकते. ती सेंद्रियची खूण नव्हे. आपल्याकडच्या दमट हवेत वर्षाचं भरण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांचं आणा. डाळीला एरंडेल चोळा. तांदूळ थोडा असेल तर पिशवी घट्ट बांधून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर गार दाण्यांवर हवेतलं पाणी धरतं आणि डब्यात बुरशी येते.